ला होयिताची पाटकरीण

लिब्रादा किंतानाला पाटकरीण म्हणून कुणी नेमलं नव्हतं. ते काम तिच्या अंगावर येऊन पडलं आणि तिनं ते झटकलं नाही, एवढंच.

१९५६ सालचा मार्च होता. पाटातला गाळ उपसायला सगळं गाव जमलेलं. काठावरचं बर्फ अजून पुरतं वितळलं नव्हतं. तिचे वडील त्रांकिलिनो फावडं उगारून कुणावर तरी ओरडत होते. ओरडता ओरडता त्यांचा पाय घसरला आणि ते थेट खाली पाटात आपटले. खुबा मोडला. चोवीस वर्षं ते अमेरिकेतल्या, पण स्पॅनिश बोलणाऱ्या ला होयिता गावाचे पाटकरी होते. कुणाची पाळी कधी, कुणाच्या वावराला किती तास, कुणाची चारी फुटली, कुणी गुपचूप फळी सरकवली, सगळं त्यांच्या डोक्यात. आता ते खिडकीशी खाटेवर पडले. खिडकीतून पाटाचा चारएक हातांचा तुकडा दिसायचा, तेवढ्यावरून ते गावाचं पाणी चालवू पाहायचे.

"पोरी, पाणी आज दोन बोटं कमी आहे. वर जाऊन बघ."

ती जायची. बत्तीस वर्षांची बाई, दोन मुली पदरात, नवरा बेलार्मिनो एप्रिल ते ऑक्टोबर कोलोरॅडोत बटाट्याच्या शेतांवर. गावातले बहुतेक तरणे पुरुष असेच बाहेर. काही मेंढ्या कातरायला गेलेले, काही पलीकडच्या डोंगरावरच्या प्रयोगशाळेत, जिथं बॉम्ब बनवतात म्हणे, तिथं फरशा पुसायला. मागे उरल्या होत्या म्हाताऱ्या, बायका आणि ज्यांचं कुठं जमलं नाही असे चारदोन बाप्ये. तेव्हा वडिलांचे रबरी बूट दोन मोज्यांवर चढवून, फावडं खांद्यावर टाकून लिब्रादाच पाटावर फिरू लागली. पहिल्या आठवड्यात लोक म्हणाले, बापाचं काम करतेय. दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, सवयच लागली की हिला. महिन्याभरात लोक पाळीचं विचारायला त्रांकिलिनोंच्या खिडकीशी न जाता तिच्या स्वयंपाकघराच्या दाराशी यायला लागले.

ओनोफ्रे आर्मिहो तेवढा आला नाही. गावातली सगळ्यात मोठी सफरचंदाची बाग त्याची, आणि सगळ्यात मोठा आवाजही त्याचाच. तो नात्यानं तिचा चुलत मामा लागायचा, म्हणून ती त्याला तिओ म्हणायची. चर्चबाहेर, चार लोकांत, तो म्हणाला, "बाईमाणूस पाटावरून हिंडायला लागलं तर पाणी लाजून दुसरीकडून जाईल."

लिब्रादा म्हणाली, "तिओ, तुमच्या बागेत तर ते पाळी नसतानाही येतं. त्याला लाज असती तर आलं असतं का?"

लोक इतके हसले की पाद्रीबाबा बाहेर डोकावले. त्या रविवारपासून ती पाटकरीण.

पण वर्ष वाईट निघालं. डोंगरावर बर्फ नावाला पडलं होतं. मे महिन्यात शेतकऱ्यांच्या संताची, सान इसिद्रोची, लाकडी मूर्ती वाजतगाजत वावरांतून फिरवली. ओनोफ्रेची बायको म्हणाली, "ह्याला तीन दिवस इथंच उन्हात ठेवा. डोळ्यांनी बघू दे काय चाललंय ते." ठेवला. बिचाऱ्याच्या नाकावरचा रंग उडाला, पण आभाळ काही फिरलं नाही. जूनमध्ये नदीची मनगटाएवढी धार राहिली. त्यातलंही वरच्या पुएब्लोचे, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या गावचे, लोक आधी घेत. तेही फार नाही, त्यांच्या मक्यापुरतं. पण त्यांच्यापासून खाली कोसभरावर ला होयिताच्या पाटाचं तोंड होतं, आणि त्या तोंडाशी नुसता ओला वाळूपट्टा.

त्यात राजधानीहून पत्र आलं. कुठल्या तरी पाणी खात्याचं, इंग्रजीत. शाळेच्या बाईंनी वाचून दाखवलं. या नदीचं पाणी कोण कधीपासून वापरतं ते कागदानिशी सिद्ध करा. जो आधीचा, त्याचा हक्क आधी.

ते ऐकून गावाच्या अंगावर काटा आला. कारण कागद म्हणजे काय, हे ला होयिताला चांगलं ठाऊक होतं.

गावाकडे एक सनद होती. स्पेनच्या राजाच्या नावानं, १७५१ सालची. सतरा कुटुंबं, पाटाखालची जमीन प्रत्येकाची वेगळी, आणि मागचा अख्खा डोंगर गावाचं गायरान. लाकूड, चराई, पिन्यॉन झाडाचे खायचे दाणे, सगळं सगळ्यांचं. शंभर वर्षांनी अमेरिकन आले. म्हणाले, तुमची सनद आम्हाला मान्य आहे, फक्त ती आमच्या कोर्टात शाबीत करा. एक वकील आला, गोड बोलणारा. त्यानं फी म्हणून अर्धं गायरान लिहून घेतलं, आणि उरलेलं विकायची वाट करून ठेवली. लिब्रादाच्या आजोबांनी त्या इंग्रजी कागदावर फुली मारली होती. त्यांना वाटलं, आपण मेंढ्यांच्या कराची पावती करतोय. डोंगर गेला. पुढे तो सरकारी जंगल झाला, आणि ज्या माळावर किंतानांच्या पाच पिढ्यांनी मेंढ्या चारल्या, तिथं चार गायी सोडायला परवाना लागू लागला. उरला होता फक्त पाट.

म्हणून शाळेत सभा भरली तेव्हा ओनोफ्रे सनदेचा पत्र्याचा डबा घेऊनच आला. टेबलावर आपटला.

"राजाची सही आहे ह्यात! आम्ही हा पाट खणला, ही दरी आम्ही पिकवली. वरचे लोक लागेल त्याच्यापेक्षा जास्त पाणी घेतात, असा दावा टाकू. वकील करू."

"पुन्हा वकील?" मागून एक म्हातारी पुटपुटली.

लिब्रादा उठली. "वरच्या गावाला कुणी विचारून बघितलंय का?"

दोन गावांत कोसभराचं अंतर. त्यांच्या सणाला ला होयिताचे लोक जायचे, नाच बघायचे, पाहुणचार झोडायचे, आपल्या सणाला त्यांना बोलवायचे. दोन्हीकडे त्याच मातीच्या भट्ट्या, तीच पावाची लादी, तेच संत. पण पाण्याबद्दल मागणं घेऊन वर कुणी गेल्याचं जिवंत माणसांना आठवत नव्हतं.

"मागायचं?" ओनोफ्रे म्हणाला. "त्यांच्याकडे? राजानं दिलेलं असताना?"

"राजानं कागद दिला, तिओ. राजा काही पाणी घेऊन आला नव्हता."

लिब्रादाला हे सुचलं ते तिच्या आजीमुळे. वडिलांची आई, नाव क्लेओफास. ती जाऊन दहा वर्षं झाली होती. गावाच्या पुरुषांची गोष्ट सनदेपासून सुरू व्हायची. आजीची गोष्ट त्याच्या पुढच्या हिवाळ्यापासून. सतरा कुटुंबं आली तेव्हा उशीर झाला होता, गहू हिमानं जळाला. लोक बूट उकळून खायच्या बेताला आले. तेव्हा वरच्या गावानं मका दिला, दोन गाढवं भरून, फेब्रुवारीपर्यंत तीन वेळा. आणि वसंतात त्यांच्यातलाच एक म्हातारा खाली आला आणि पाटाचं तोंड कुठं काढायचं ते त्यानं काठीनं रेघ ओढून दाखवलं, कारण ह्यांनी खणलेला पहिला पाट चढावर गेला होता. "चढावर, पोरी!" आजी डोळे पुसत हसायची. "राजाची सनद होती ना, वाटलं पाणीही ऐकेल."

आजी आणखी एक गोष्ट सांगायची, पण तेव्हा ती आवाज खाली आणायची. त्या सतरांतल्या एका घरात एक मुलगी होती. मैदानी मुलखातल्या आदिवासींतून पकडून आणलेली, जत्रेत एका घोड्याच्या मोबदल्यात घेतलेली. पाद्रीनं तिचं नाव रोसा ठेवलं. तिचं खरं नाव काय होतं, कुणी लिहून ठेवलं नाही. चर्चच्या दप्तरात ती "घरची चाकर" आहे. क्लेओफासच्या पणजीची ती आई. त्रांकिलिनोंना हे मुळीच खपायचं नाही. "आम्ही स्पॅनिश आहोत," ते म्हणायचे. आजी म्हणायची, "हो रे बाबा, तू आहेस. मी मात्र दोन्हीकडची."

तर लिब्रादा गेली. रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून बकरीच्या दुधाचं चीज आणि गेल्या वर्षीचे सुकवलेले जर्दाळू घेतले. नदीच्या कोरड्या पात्रानंच वर गेली.

गावाच्या टोकाला सान्ताना म्हातारी आपल्या अंगणातल्या भट्टीला मातीचा हात देत होती. सत्तरीच्या पुढची, ठेंगणी, दंड अजून घट्ट.

"कुणाची गं तू?"

"ला होयिताची. त्रांकिलिनो किंतानांची मुलगी."

"क्लेओफासची नात म्हण की! बापाचं काय सांगतेस, तो कधी आला नाही इकडे. तुझी आजी यायची, मिरच्यांच्या माळा घेऊन. माझी आई तिला निळा मका द्यायची, आणि मग दोघी दिवसभर बसून तुमच्या बाप्यांच्या नकला करायच्या." म्हातारीनं तिच्याकडे नीट बघितलं. "उभी काय राहिलीस? बाह्या वर कर. गवत घाल त्या मातीत."

लिब्रादानं चीज ओट्यावर ठेवलं आणि माती तुडवायला घेतली. तासभर दोघींनी भट्टी लिंपली. पाण्याची गोष्ट निघाली ती त्यानंतर, मक्याचं गरम पेय पिताना.

लिब्रादानं जे होतं ते सांगितलं. फुलं गळाली, घेवडा करपला, लसूणघास उभी वाळली, आणि ओनोफ्रे दावा टाकायचं म्हणतोय तेही. लपवायचं काय त्यात? तेवढ्यात म्हातारीचा पुतण्या क्रेसेन्सियो शेतावरून आला. तो त्या वर्षी पुएब्लोचा प्रमुख होता. महायुद्धात पॅसिफिकमध्ये लढून आलेला, मितभाषी, पस्तिशीचा. तो उभ्यानंच ऐकत राहिला.

"म्हणजे तुमचे लोक कोर्टात सांगणार, ते इथं पहिले?" त्यानं विचारलं.

"म्हणायला गेलं तर, राजाच्या कागदानं पहिले."

सान्ताना हसायला लागली. "पहिले! अगं, तुमचे आले, माझ्या कितव्या तरी पणजीला चर्चच्या भिंतींसाठी माती वाहायला लावली, तिच्या घरच्यांकडून मका आणि कांबळी वसूल केली. मग एकदा आम्ही सगळ्या गावांनी मिळून तुम्हाला हाकलून दिलं होतं, ठाऊक आहे? पार दक्षिणेला पळवलं. बारा वर्षं सुखात होतो. आणि मग तुम्ही परत आलात." तिनं जर्दाळू तोंडात टाकला. "हे मात्र चांगलं आणलंत. आम्हाला जर्दाळू ठाऊक नव्हते."

लिब्रादानं पेला खाली ठेवला. मग मावशी म्हणावं तशा सुरात ती म्हणाली, "तिया, माझ्या आजीनं सांगितलंय, त्यानंतरच्या लोकांना, आमच्या सतरा घरांना, तुम्ही पहिल्या हिवाळ्यात मका दिलात."

"दिला असेल. मुलं उपाशी बघवत नाहीत." म्हातारीनं खांदे उडवले. "कुणी परत येऊन बोललं नाही एवढंच."

क्रेसेन्सियो म्हणाला, "एकट्यानं ठरवायची गोष्ट नाही ही. शनिवारी ये."

शनिवारी ती गेली तेव्हा पंचांच्या खोलीत आठ म्हातारे बसलेले होते. टेबलावर प्रमुखाच्या अधिकाराच्या, चांदीच्या मुठीच्या दोन काठ्या ठेवल्या होत्या. ती त्या बघतेय हे क्रेसेन्सियोच्या लक्षात आलं. "ही तुमच्या राजानं दिलेली. ही नंतर आलेल्या अमेरिकनांच्या अध्यक्षानं. आणखी कुणी आलं तर टेबल मोठं करावं लागेल." म्हातारे हसले. मग गंभीर झाले.

निर्णय साधा होता. पाऊस येईपर्यंत दर दहा दिवसांतले तीन दिवस वरचं गाव आपल्या पाटाचं तोंड बंद ठेवील. सगळी धार खाली येईल. मोबदला काही नको. फक्त दोन गोष्टी. दर वसंतात वरचा अर्धा कोस पाट आणि बंधारा दोन्ही गावांनी मिळून उपसायचा. आणि एक कागद करायचा, ला होयिताच्या पाटकरणीच्या सहीनं, की आम्ही तुमच्यानंतर आलो, नदीचं पाणी आधी तुमचं, आणि दुष्काळात तुम्ही दिलंत म्हणून आम्ही घेतो.

"एवढंच?" ती म्हणाली.

सगळ्यात म्हातारा पंच पहिल्यांदाच बोलला. "एवढं कुणी कधी लिहून दिलं नाही, पोरी."

तिनं क्रेसेन्सियोनं लिहिलेला मसुदा वाचला. स्पॅनिशमध्ये होता, सुवाच्य. तिनं पेन मागितलं आणि खाली आणखी एक ओळ लिहिली: "पहिल्या हिवाळ्यात तुम्ही आम्हाला मका दिलात आणि पाटाची वाट दाखवलीत. त्याचे आभार मानायचे राहून गेले होते. ते आज मानतो." मग म्हणाली, "सही गावाला विचारून करीन. पण ही ओळ माझी. गाव नाही म्हणालं तरी ही राहू द्या."

क्रेसेन्सियोनं ती ओळ आपल्या भाषेत पंचांना वाचून दाखवली. सान्ताना दारात उभी होती, ती तोंड फिरवून बाहेर निघून गेली.

त्याच संध्याकाळी ला होयिताच्या शाळेत सभा झाली. असा गोंधळ त्या खोलीनं कधी बघितला नसेल.

"आपल्याच हातानं लिहून द्यायचं की आम्ही दुसरे?" ओनोफ्रेचा चेहरा लाल झाला होता. "तुझ्या आजोबांनी कागदावर फुली मारली आणि डोंगर गेला. आता तू सही करतेस म्हणजे पाट गेला!"

हे तिला लागलं. ते खरं नव्हतं असं नाही. ती भीती तिलाही होती. ती म्हणाली, "आजोबांना कागदावर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं, तिओ. त्यांना कुणी सांगितलंही नाही. हा कागद मी वाचलाय. आपल्या भाषेत आहे. त्यात जे लिहिलंय ते खरं आहे. आणि ज्यांच्याशी करतोय ते अडीच पावलांवर राहतात, उद्या फसवलं तर जाऊन भांडता येईल."

"खरं आहे म्हणजे? आपण काय चोर?"

"मी चोर म्हटलं नाही. नंतर आलो म्हटलं."

त्रांकिलिनोंना चार जणांनी खुर्चीसकट उचलून आणलं होतं. सनदेचा अभिमान त्यांच्याइतका गावात कुणाला नव्हता; सान इसिद्रोच्या सणाला ते त्यातले परिच्छेद तोंडपाठ म्हणायचे. लिब्रादानं त्यांच्याकडे बघायचं टाळलं. आता ते काय बोलतील ते तिला ठाऊक होतं.

त्यांनी घसा खाकरला. "ओनोफ्रे, पाण्याचं कोण ठरवतं ह्या गावात? दोनशे वर्षांचा नेम काय आहे?"

"पाटकरी."

"आता पाटकरी कोण?"

ओनोफ्रेनं मान खिडकीकडे वळवली.

"माझा खुबा मोडलाय, मी नाही. ती आहे. मग हिला करू दे तिचं काम." आणि पुढे म्हणाले, "मला हे पटलेलं नाही. पण माझं पटणं कुणी विचारलेलं नाही."

लिब्रादानं सही केली. सगळ्यांसमोर, सावकाश, पूर्ण नाव; त्याचीच एक प्रत पाणी खात्याला उत्तर म्हणून गेली. घरी परतताना तिनं वडिलांचे हात धरायचा प्रयत्न केला, तर ते म्हणाले, "खुर्ची सरळ धरायला सांग त्यांना," आणि पुढचे पाच दिवस तिच्याशी अवाक्षर बोलले नाहीत.

सहाव्या दिवशी सकाळी पाणी आलं. आधी एक फेसाळ, काडीकचऱ्याची जीभ आली, पुढे पुढे सरकत, भेगांत उतरत. मग तिच्या मागून खरं पाणी. बायका परकर खोचून आपापल्या चारीच्या तोंडाशी उभ्या. लिब्रादानं वडिलांची खाट दोघांकरवी पाटाच्या काठावर आणवली. त्रांकिलिनोंनी वाकून हात बुडवला, पाणी ओंजळीत घेतलं, बराच वेळ बघत राहिले.

"गढूळ आहे," ते म्हणाले. "वरचा अर्धा कोस नीट उपसलेला नाही. पुढच्या वर्षी तू स्वतः उभी राहून करून घे."

हा त्यांचा आशीर्वाद होता. तिला तो बरोबर कळला. ती काठावर बसून हसत रडली.

त्या वर्षी निम्मा घेवडा वाचला, मिरची पाऊण वाचली, आणि फळझाडांतलं एकही मेलं नाही. ओनोफ्रे दोन वर्षं तिच्याशी बोलला नाही. पण दर दहा दिवसांनी त्याच्या पाळीला फावडं घेऊन घड्याळ लावून उभा असायचा. कधी पाच मिनिटं उशीर झाला तर बायकोकडून निरोप पाठवायचा, "पाटकरणीला सांग, पाच मिनिटं." बेलार्मिनो ऑक्टोबरमध्ये परतला, सगळं ऐकलं आणि म्हणाला, "मी सहा महिने गेलो तर तू तह करून मोकळी? पुढच्या वर्षी इथंच राहतो. नाहीतर तू एखादं युद्ध जिंकशील." आणि खरंच, तीन वर्षांनी तो बटाट्यांचा नाद सोडून घरीच राहिला.

पुढे पाऊस बरे झाले, पण नेम सुटला नाही. दर मार्चमध्ये दोन्ही गावांचे लोक फावडी घेऊन बंधाऱ्यावर जमायचे. पहिली दोन-तीन वर्षं ते दोन बाजूंना वेगळे जेवायला बसायचे. मग एका वर्षी सान्तानानं आपली मक्याची पातेली उचलून लिब्रादाच्या घेवड्याशेजारी आणून ठेवली, आणि त्यानंतर एकच पंगत. जर्दाळू पिकले की पहिली टोपली लिब्रादा वर नेऊन द्यायची; सान्ताना वारल्यावर तिच्या सुनेला. "आम्हाला झाडं आहेत आता," सून म्हणायची. "असू देत," लिब्रादा म्हणायची. "मला यायला निमित्त हवं."

ती एकतीस वर्षं पाटकरीण होती. मधल्या काळात आणखी लोक आले. सत्तरच्या आसपास शहरांतून लांब केसांची पोरंपोरी आली, स्वस्तात जमिनी घेतल्या, गोलघुमट घरं बांधली, पाणी कुठूनही कुठंही वळवायला लागली. गाव चिडलं. लिब्रादानं त्यांना एकेक करून पाळीनं पाण्याची दारं धरायला शिकवलं. "तुम्ही नंतर आलात," ती त्यांना सांगायची. "वाईट वाटून घेऊ नका. आम्हीही नंतरच आलोय. फक्त विचारून घ्यायचं." त्यातले बरेचसे पहिल्याच हिवाळ्यात पळाले. दोन राहिले, आणि त्यांतला एक पुढे चांगला मिरची पिकवायला लागला.

मग एक कंपनी आली. तिला दरीच्या खाली गोल्फचं मैदान आणि हॉटेल करायचं होतं आणि त्यासाठी पाण्याचे हक्क विकत घ्यायचे होते. ला होयितातल्या दोघातिघांनी विकायची तयारीही दाखवली. सगळ्यांची मुलं शहरात, म्हाताऱ्यांनी शेती किती दिवस ओढायची? पण एका चारीचं पाणी उचललं की मागच्यांना पाट जिवंत ठेवता येत नाही. प्रकरण कोर्टात गेलं, १९८७ साली. ला होयिता आणि पुएब्लो, दोघं एका बाजूला.

लिब्रादा त्रेसष्ट वर्षांची होती. चर्चला घालायचा काळा पोशाख घालून साक्षीला उभी राहिली. कंपनीचा वकील सभ्य माणूस होता. त्यानं विचारलं, "बाई, तुमचं गाव नेमक्या कुठल्या हक्कानं हे पाणी घेतं?"

तिच्या बाजूच्या वकिलानं तिच्याकडून सनदेचं साल पाठ करून घेतलं होतं. ते तिला आठवतही होतं.

ती म्हणाली, "वरच्यांनी दिलं म्हणून."

"म्हणजे? कायद्यानं—"

"कायद्याचं तुम्ही लोक बघा. मला विचारलंत म्हणून सांगितलं. सतराशे एक्कावन्नमध्ये त्यांनी दिलं, आणि छप्पनमध्ये पुन्हा दिलं, आणि तेव्हापासून दर दुष्काळात देतात. आम्ही त्यांच्याबरोबर पाट उपसतो. ते पाणी आम्हाला विकता येणार नाही. दिलेली वस्तू कशी विकायची?"

कोर्टात टंकलेखन करणारी बाई थांबून तिच्याकडे बघत राहिली. मग तो जुना कागद वाचून दाखवण्यात आला, खालच्या ओळीसकट. मागच्या बाकावर बसलेल्या क्रेसेन्सियोनं टोपी मांडीवर फिरवत ऐकलं. तो आता प्रमुख नव्हता, नुसता म्हातारा होता.

निकाल यायला सात महिने लागले. कंपनीला पाणी मिळालं नाही. न्यायाधीशांनी लिहिलं की दोन गावांनी इतकी वर्षं मिळून पाळलेलं पाणीवाटप मोडायला पुरेसं कारण दिसत नाही. कंपनी गेली. तिनं आणलेले नकाशे शाळेच्या बाईंनी मुलांना चित्रं काढायला दिले. मागची बाजू कोरी होती.

पण हे नंतरचं. साक्षीच्या दिवशी दुपारी लिब्रादा कोर्टाबाहेरच्या पायऱ्यांवर बसली. क्रेसेन्सियो शेजारी येऊन बसला आणि त्यानं कागदाच्या पिशवीतून तोर्तियाच्या पोळीत गुंडाळलेला घेवडा-मिरची काढून अर्धा तिला दिला.

"तिया सान्ताना असती तर म्हणाली असती, बरं बोललीस," तो म्हणाला.

"ती म्हणाली असती, तुमचे बाप्ये कुठं लपलेत."

तो हसला. खरोखरच ओनोफ्रे, आता नव्वदीचा, ट्रकमध्ये खिडकी वर करून बसला होता. त्याला कोर्टाच्या आत यायची भीती वाटत होती. तो सकाळपासून पोटात काही न घेता बसलाय हे लक्षात येताच लिब्रादानं आपल्या अर्ध्यातलं अर्धं तोडलं, त्याला नेऊन दिलं. त्यानं घेतलं, चावलं, आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "लिब्रादा, त्या वर्षी मी तुला बरंच काही बोललो."

"बोललात, तिओ."

"माझी झाडं वाचली त्या वर्षी. मी कधी बोललो नाही."

"पाच मिनिटांचे निरोप पाठवायचात ना, तेच धरलं मी." तिनं ट्रकचं दार उघडलं. "सरका जरा. घरी पोचायला दोन तास, आणि चारला तुमची पाळी आहे."